शब्द जुळे, अर्थ वेगळे

विज्ञानाच्या तासाला एक अडचण वारंवार येते. विद्यार्थ्याला व्याख्या पाठ असते, पण उदाहरण सोडवताना तो दोन संज्ञांची अदलाबदल करतो. 'हीट' आणि 'टेम्परेचर' यांच्या व्याख्या घडाघडा म्हणणारा मुलगा "उकळत्या पाण्याला आणखी उष्णता दिली तर त्याचे तापमान किती होईल?" या प्रश्नाला बेधडक "एकशे दहा, एकशे वीस" अशी उत्तरे देतो. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचीही हीच स्थिती असते, म्हणजे अडचण निव्वळ भाषेची नाही.

रोजच्या इंग्रजीत असे शब्द कितीतरी आहेत जे एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी', 'वेट' आणि 'मास', 'हझार्ड' आणि 'रिस्क'. इंग्रजीचा शब्दसाठा अनेक झऱ्यांतून आला आहे. 'हीट', 'स्पीड', 'वेट', 'वेदर' हे तिचे जुने, घरचे शब्द. 'टेम्परेचर', 'व्हेलॉसिटी', 'मास', 'क्लायमेट' हे लॅटिन-ग्रीकमधून आलेले. आपल्याकडे 'दूध' आणि 'दुग्ध' एकाच घरात नांदतात, तसाच हा प्रकार. बोलण्यात त्यांचा अर्थ जवळजवळ एकच होता. वैज्ञानिकांना जेव्हा एकसारख्या भासणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी सापडल्या, तेव्हा त्यांनी हे तयार शब्द उचलले आणि एकेका गोष्टीला एकेक वाटून दिला. म्हणून अशा जोडीतला फरक शब्दकोशात शोधून पुरत नाही. कोणत्या दोन प्रश्नांची ही दोन उत्तरे आहेत, हे पाहावे लागते.

जेथे हा फरक निसटला की केवळ गुण जात नाहीत, त्याहून मोठे नुकसान होते, अशा काही जोड्या येथे घेतल्या आहेत.

'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल'

सुरुवात एका उलट्या उदाहरणाने करू. येथे शब्द दोन आहेत, पण अर्थ एकच. पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इनफ्लेमेबल' असे लिहिलेले आपण पाहतो. 'इन' हा उपसर्ग इंग्रजीत बहुधा नकार दाखवतो. 'करेक्ट' म्हणजे बरोबर, 'इनकरेक्ट' म्हणजे चूक. त्या न्यायाने 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे, असा अर्थ कोणीही करील. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. हा शब्द 'पेटवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे आणि त्यातला 'इन' नकाराचा नाही. तो 'आत, ज्वालेत' असे सुचवतो. दोन्ही शब्दांचा अर्थ सहज पेट घेणारे असाच आहे. न पेटणाऱ्या पदार्थाला 'नॉनफ्लेमेबल' म्हणतात.

व्याकरणाच्या दृष्टीने 'इनफ्लेमेबल' निर्दोष आहे. पण डब्यावरची सूचना वाचणारा माणूस लॅटिन शिकलेला नसतो. म्हणून अमेरिकेतील आगप्रतिबंधाचे काम करणाऱ्या संस्थांनी १९२० च्या दशकापासून सूचनाफलकांवर 'फ्लेमेबल' हाच शब्द वापरावा असा आग्रह धरला आणि तो हळूहळू सर्वत्र रूढ झाला. आपल्या टँकरवर जुना शब्द अजून दिसतो. प्रयोगशाळेतील स्पिरिटच्या बाटलीवर मात्र 'ज्वलनशील' असे स्वच्छ मराठीत लिहिलेले सर्वांत चांगले.

'हीट' आणि 'टेम्परेचर'

उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आज पुस्तकात एका ओळीत येते. ते समजायला मात्र अठराव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. तोपर्यंत तापमापी बऱ्यापैकी तयार झाल्या होत्या आणि त्या उष्णता मोजतात असाच सर्वसाधारण समज होता. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास या समजावर बोट ठेवले.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. हिवाळा संपून हवा तापू लागली की बर्फाचे तापमान वितळण्याच्या बिंदूपर्यंत येते. त्यानंतर थोडीशी उष्णता मिळताच सगळा बर्फ वितळत असता, तर दर वसंतात डोंगराळ मुलखात भयंकर पूर आले असते. प्रत्यक्षात बर्फ कित्येक आठवडे हळूहळू वितळत राहतो. त्या काळात तो उष्णता घेत असतोच, पण तापमापीतला पारा हलत नाही. म्हणजे उष्णता आत जाते आणि तापमान वाढत नाही. दोन गोष्टी एकच असत्या तर हे शक्य नव्हते. या लपलेल्या उष्णतेलाच आपण अप्रकट उष्णता म्हणतो.

आकडे पाहिले की हा फरक किती मोठा आहे हे कळते. शून्य अंश सेल्सियसचा एक ग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी होण्यासाठी सुमारे ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. शंभर अंशांच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला तर सुमारे ५४० कॅलरी लागतात. उकळते पाणी आणि वाफ यांचे तापमान एकच, १०० अंश. पण एक ग्रॅम उकळते पाणी कातडीवर पडून ३७ अंशांपर्यंत निवले तर सुमारे ६३ कॅलरी देते. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० आणि मग निवताना ६३, म्हणजे जवळजवळ दहापट उष्णता देते. वाफेने भाजलेली जखम खोल का असते याचे कारण यात आहे. कुकरचे झाकण काढताना हात बाजूला धरावा, हे आई सांगते ते तापमानामुळे नव्हे, उष्णतेमुळे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण दिवाळीत मिळते. फुलबाजीच्या ठिणगीचे तापमान हजार अंशांच्या पुढे असते, तरी एखादी ठिणगी हातावर पडली तर क्षणभर चुरचुरते, एवढेच. ठिणगीचे वस्तुमान इतके थोडे की तिच्याजवळ देण्याजोगी उष्णताच फारशी नसते. पेटती फुलबाजी मात्र जपूनच धरावी, कारण तिची तार तशी हलकी नसते.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येतो. एकाच स्पिरिटच्या दिव्यावर आधी १०० मिलिलिटर आणि मग २०० मिलिलिटर पाणी प्रत्येकी तीन मिनिटे तापवा. ज्योत तीच, वेळ तोच, म्हणजे दिलेली उष्णता साधारण सारखी. तापमानातील वाढ मात्र दुसऱ्या वेळी सुमारे निम्मी आढळते. "किती दिली?" आणि "किती तापले?" हे दोन प्रश्न वेगळे असल्याचे मुलांना येथे स्वतः दिसते.

'ॲक्युरसी' आणि 'प्रिसिजन'

या दोन्ही शब्दांना आपण मराठीत सर्रास 'अचूकता' म्हणून मोकळे होतो आणि तेथेच घोटाळा होतो. मोजमाप खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे, हे सांगते ती 'ॲक्युरसी'. तेच मोजमाप पुन्हापुन्हा घेतले तर उत्तरे एकमेकांच्या किती जवळ येतात, हे सांगते ते 'प्रिसिजन'. पहिलीला 'अचूकता' आणि दुसऱ्याला 'काटेकोरपणा' म्हटले तर दोन्ही शब्द मराठी कानाला ओळखीचे वाटतात.

शाळेतली लाकडी पट्टी घ्या. तिचे सुरुवातीचे टोक झिजून दोन मिलिमीटर गेले आहेत आणि मुले ते झिजलेले टोकच शून्य धरतात. तिने दहा मुलांनी वहीची लांबी मोजली तर दहाही उत्तरे एकमेकांशी जुळतील. काटेकोरपणा उत्तम, पण प्रत्येक उत्तर दोन मिलिमीटरने जास्त. दहाच्या जागी शंभर मोजमापे घेऊन सरासरी काढली तरी ही चूक जाणार नाही. ती शोधायची तर दुसरी पट्टी आणावी लागते.

हीच गोष्ट हबल दुर्बिणीच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर घडली. एप्रिल १९९० मध्ये ही दुर्बीण अवकाशात गेली. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा जगातील सर्वांत काटेकोरपणे घासलेल्या आरशांपैकी एक होता. तरीही तिची पहिली चित्रे अंधूक आली. चौकशीत आढळले की आरशाचा आकारच चुकला होता. त्याची कड हवी त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रोमीटर अधिक सपाट झाली होती. म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम पन्नासावा भाग, पण प्रकाशाच्या दृष्टीने फार मोठा. आरसा तपासण्यासाठी जे उपकरण वापरले, त्यातील एक भिंग १.३ मिलिमीटरने सरकलेले होते. त्या चुकलेल्या उपकरणाबरहुकूम आरसा अत्यंत काटेकोरपणे घासला गेला.

यातली सर्वांत बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. आणखी दोन, तुलनेने साध्या उपकरणांनी आरशात दोष असल्याचे दाखवले होते. मुख्य उपकरण जास्त काटेकोर म्हणून तेच बरोबर असणार असे मानून ही सूचना बाजूला ठेवली गेली. काटेकोर ते अचूकच असणार, ही समजूत किती महागात पडते पाहा. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दोष भरून काढणारी प्रकाशीय साधने बसवली, तेव्हा चित्रे स्वच्छ झाली. झालेली चूक नेमकी किती हे ठाऊक होते, म्हणूनच ती दुरुस्त करता आली.

'हझार्ड' आणि 'रिस्क'

मराठीत या दोहोंनाही 'धोका' म्हणतात. वैज्ञानिक भाषेत मात्र अपाय करण्याची क्षमता म्हणजे 'हझार्ड', आणि प्रत्यक्ष अपाय होण्याची शक्यता व त्याचे प्रमाण म्हणजे 'रिस्क'. दुसऱ्यासाठी 'जोखीम' हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. विजेच्या तारेतला प्रवाह हा धोका आहे. तार उघडी आहे की आवरणात, आणि तिच्याजवळ कोण वावरते, यावर जोखीम ठरते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, खारवून वा धुरावून टिकवलेले मांस हे माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरते, असे जाहीर करून त्याला पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे. लगेच हे मांस सिगारेटइतकेच घातक असल्याचे मथळे छापून आले. पण हे गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतात, अपाय किती मोठा आहे हे सांगत नाहीत. त्याच वेळी संस्थेने दिलेल्या अंदाजांनुसार अशा मांसाच्या भरपूर सेवनाशी निगडित कर्करोगाचे मृत्यू जगभरात वर्षाला सुमारे ३४ हजार, तर तंबाखूच्या धूम्रपानामुळे होणारे सुमारे १० लाख होते. गट एक, जोखमीत तिसेक पटींचा फरक.

हा फरक महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसराला सुमारे ६.२ प्रतीचा भूकंप झाला. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ ते १० हजार माणसे गेली. चार वर्षांपूर्वी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेतील सान फ्रान्सिस्कोच्या दाट वस्तीच्या परिसराला ६.९ प्रतीचा, म्हणजे ऊर्जेने सुमारे दहापट मोठा धक्का बसला होता. तेथे ६३ मृत्यू झाले.

किल्लारीचा धक्का उथळ होता, गावांच्या अगदी खाली होता, आणि लोक झोपेत होते. ही कारणे आहेतच. पण मुख्य कारण घरे होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर हादरे बसताच कोसळते. नकाशातला 'हझार्ड' कमी होता. त्या घरांत झोपणाऱ्या माणसांची 'रिस्क' मात्र फार मोठी होती आणि ती कोणत्याच नकाशात नव्हती. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला आणि सर्वांत कमी धोक्याचा तो पट्टाच रद्द झाला. भूकंप आपण थांबवू शकत नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालणे, दाराखिडक्यांच्या वर पट्टा बांधणे, छप्पर हलके करणे, हे मात्र करता येते. पहिला शब्द निसर्गाविषयी बोलतो, दुसऱ्यात आपल्या हाताला काम असते.

'वेदर' आणि 'क्लायमेट'

आज, उद्या किंवा या आठवड्यात आकाशात काय घडते आहे, ते 'वेदर'. एखाद्या प्रदेशात वर्षानुवर्षे सरासरीने काय घडते आणि त्यात किती चढउतार असतात, ते 'क्लायमेट'. ही सरासरी साधारणपणे ३० वर्षांची घेतात. सध्या १९९१ ते २०२० हा काळ त्यासाठी वापरला जातो.

आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी हा फरक 'हवा' आणि 'हवामान' असा केला आहे. रोजच्या वापरात मात्र तो टिकत नाही. 'हवा' म्हणजे आपण श्वासात घेतो तीही. आणि उद्या पाऊस पडेल का, हे सांगणाऱ्या खात्याला आपण 'हवामान खाते' म्हणतो. परिणामी 'हवामान बदल' हा शब्द ऐकला की "हो, काल ऊन होते, आज ढगाळ आहे" असा अर्थ मुले करतात. त्यांचे काही चुकत नाही. शब्दच एक आहे.

ही गल्लत मुलेच करतात असे नाही. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेम्स इनहोफ हे सदस्य बर्फाचा गोळा घेऊन आले. बाहेर एवढी थंडी असताना पृथ्वी तापते आहे असे कसे म्हणता, हा त्यांचा मुद्दा होता. एका शहरातील एका दिवसाचे 'वेदर' दाखवून सगळ्या जगाच्या 'क्लायमेट'विषयी केलेला हा निष्कर्ष होता. चूक दुसऱ्या बाजूनेही होऊ शकते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अख्ख्या जुलै महिन्यात साधारणपणे पडतो तेवढा एका दिवसात. तरीही त्या एका दिवसावरून हवामान बदलले असे सिद्ध होत नाही. अशा दिवसांची संख्या दशकांमागून दशके वाढते आहे का, हे मोजले तरच तसे म्हणता येते.

'थिअरी' आणि 'लॉ'

"ही नुसती थिअरी आहे" असे आपण म्हणतो, तेव्हा ते प्रत्यक्षात उतरलेले नाही असे सुचवायचे असते. इंग्रजी बोलीतही 'थिअरी' म्हणजे अंदाज असा अर्थ चालतो. विज्ञानात त्या अंदाजाला 'हायपोथिसिस', म्हणजे परिकल्पना म्हणतात. अनेक परीक्षांतून तावून सुलाखून निघालेले आणि पुष्कळशा घटनांचा उलगडा करणारे सुसंगत स्पष्टीकरण म्हणजे 'थिअरी'. मराठीतील 'सिद्धान्त' हा शब्द येथे इंग्रजीपेक्षा सरस आहे.

अमेरिकेत या एका शब्दावरून कोर्टात जावे लागले. जॉर्जिया राज्यातील कॉब काउंटीच्या शाळांनी २००२ मध्ये जीवशास्त्राच्या पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. उत्क्रांती ही 'थिअरी' आहे, वस्तुस्थिती नव्हे, असा त्यांचा आशय होता. पालकांनी दावा लावला. जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने चिठ्ठ्या काढायला सांगितले. अपील झाले आणि अखेर डिसेंबर २००६ मध्ये चिठ्ठ्या पुन्हा लावणार नाही असे मान्य करून शाळामंडळाने तडजोड केली.

सिद्धान्त पक्का झाला की त्याचा 'लॉ', म्हणजे नियम बनतो, हाही एक गैरसमज आहे. नियम 'काय घडते' ते सांगतो, सिद्धान्त 'का घडते' ते सांगतो. ठरावीक तापमानाला वायूचा दाब वाढवला तर आकारमान त्याच प्रमाणात घटते, हा बॉईलचा नियम १६६२ मधला. तसे का होते, हे वायूचे रेणू भिंतींवर आदळत असतात या गतिज सिद्धान्ताने पुढे सांगितले. त्यामुळे सिद्धान्ताची बढती होऊन नियम होत नाही. उलट न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाला बुधाच्या कक्षेतील एका बारीक सरकण्याचा, शतकात ४३ विकला एवढा, हिशेब लागत नव्हता. तो लावला आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या सिद्धान्ताने.

वर्गासाठी

आणखी काही जोड्या विद्यार्थ्यांवर सोपवता येतील. रस्त्यावरच्या पाटीवर 'वेगमर्यादा' लिहिलेले असते. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ती 'व्हेलॉसिटी'ची मर्यादा झाली. वस्तुतः ती 'स्पीड'ची, म्हणजे चालीची आहे. ४०० मीटरच्या वर्तुळाकार मार्गाची एक फेरी ५० सेकंदांत पुरी करणाऱ्या मुलीची सरासरी चाल सेकंदाला ८ मीटर, पण सरासरी वेग शून्य कसा, हे मुलांनी समजावून सांगावे. 'एनर्जी' आणि 'पॉवर' यांसाठी घरचे विजेचे बिल आणावे. एक हजार वॅटची शेगडी तासभर चालली की एक युनिट होते. वॅट हे शक्तीचे एकक आणि युनिट ऊर्जेचे. वर्तमानपत्रात 'रोज इतके मेगावॅट वीज निर्माण होते' असे वाक्य आढळले, तर त्यात काय चुकले ते शोधावे.

प्रत्येक जोडीसाठी मुलांना चार रकाने आखायला सांगावेत. पहिल्यात दोन्ही इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्यांचे दोन वेगवेगळे मराठी शब्द, तिसऱ्यात प्रत्येक शब्द कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि चौथ्यात असे एक उदाहरण, ज्यात एक गोष्ट बदलते आणि दुसरी तशीच राहते. वितळणारा बर्फ, झिजलेली पट्टी, वर्तुळावर धावणारी मुलगी ही अशी उदाहरणे आहेत. चौथा रकाना ज्याला भरता आला, त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही. आणि दुसऱ्या रकान्यात दोन्ही शब्दांसमोर एकच मराठी शब्द आला, तर तेथे शिक्षकांनी थोडे थांबावे. विद्यार्थी जेथे अडखळणार, ती जागा बहुधा तीच असते.